साडेतीन वर्षांच्या मुलाला कोणता खेळ लावावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मिस्टर फुटबॉल म्हणतात, सासरे तालीम म्हणतात, शेजारच्या मुलीनं स्केटिंग लावलंय आणि तुम्हाला सुट्टी लागायच्या आत ठरवायचंय. कोल्हापुरात, त्यात शिवाजी पेठेत राहताय म्हटल्यावर घरात फुटबॉलचा विषय निघणारच, त्याला इलाज नाही.

माझं मत विचाराल तर यातलं आत्ता काहीच लावू नका. पाण्याची ओळख तेवढी करून द्या. बाकी त्याला पळायला जागा हवी, क्लास नको.

हे मी शहाणपणानं नाही, पैसे घालवून शिकलोय. आमची मुलगी चार वर्षांची असताना तिला एका स्केटिंगच्या क्लासला घातलं. स्केट, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, फी, सगळं धरून साडेचार हजार गेले. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणते, "बाबा, मी उभा राहून दमलो." (आमच्याकडं मुलीही असंच बोलतात, बाहेरच्यांनी व्याकरण काढू नये.) दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर बसून मोबाईलवर वेळ मोजला. पाऊण तासाचा क्लास, वीस-बावीस पोरं आणि सर एकटे. आमची पोरगी प्रत्यक्षात हलली ती सात मिनिटं. उरलेला वेळ रांगेत, नंबर यायची वाट बघत. सर चांगले होते बिचारे, पण एवढ्या पोरांना एकटा माणूस काय करणार?

तेव्हापासून कुणी क्लासबद्दल विचारलं की मी एवढंच सांगतो: पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बघायला जा आणि आपल्या पोराएवढं एखादं पोर हेरून ते किती वेळ हलतंय ते मोजा. निम्म्याहून जास्त वेळ रांगेत जात असेल तर मॅट कितीही नवी असू दे, परत या. आणि सर पालकांना आत बसू देत नसतील तर मोजायचीही गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी असावी, असं म्हटलंय. तीन तास ऐकून घाबरू नका, ते एका दमात करायचे नाहीत. कपिलतीर्थ मंडईला त्याला गाडीवर पुढं उभं करून नेता ना, ते चालवत न्या. वेळ दुप्पट लागेल आणि वाटेत प्रत्येक पायरीवरून उडी मारली जाईल, तीही धरायची.

आता फुटबॉल. या वयाची पोरं "पास दे" म्हटलं तरी पास देत नाहीत. गुळाला मुंगळे लागावेत तशी सगळी एकाच बॉलला लागतात. सांघिक खेळाचे नियम डोक्यात बसायला साधारण सहावं वर्ष उजाडतं. मिस्टरांना सांगा, बॉल जरूर आणा, पण ५ नंबरचा आणू नका, तो मोठ्यांचा. हवा भरलेला हलका प्लास्टिकचा बॉल आणि समोर दोन चपला ठेवून केलेला गोल पुरतो. झेल मात्र एवढ्यात मागू नका. तीन वर्षांचं पोर दोन्ही हात पसरून बॉल छातीशी कवटाळतं, नाहीतर तोंडावर घेतं. आधी फुगा द्या. तो सावकाश खाली येतो, त्यामुळं नजरेला आणि हाताला वेळ मिळतो. आम्ही महिनाभर फुगाच खेळलो. शाहू स्टेडियमवर सामना दाखवायला न्या, पण दोन पेठांची खुन्नस असलेला नको.

सासऱ्यांना नाही म्हणू नका. तालमीच्या हौद्यातली माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते, लोळायला त्याहून चांगली जागा गावात मिळायची नाही. वस्तादांना विचारून सुट्टीच्या दिवशी, पैलवानांची मेहनत झाल्यावर, नातवाला अर्धा तास लोळू दे. जोर-बैठका नकोत, मानेवर भार येणाऱ्या कोलांट्याही नकोत.

पोहण्याचं वेगळं का काढलं? बाकीचे खेळ राहिले तर राहिले, पाण्याचं तसं नाही. पंचगंगा, रंकाळा, कळंबा, आणि गावाकडं गेलं की विहिरी. आमच्या काकांनी पाठीला डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं आणि मी शिकलोही, पण तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. साडेतीनच्या पोरावर हा प्रयोग नको. ते उभं राहू शकेल एवढ्याच पाण्यात, शिकवणारा हाताच्या अंतरावर आणि तुमच्यापैकी एकजण काठावर. तोंड बुडवून फुगे काढणं, पाठीवर तरंगणं आणि काठ धरून स्वतः बाहेर येणं, पहिल्या हंगामात एवढं जमलं तरी भरपूर. दंडाला फुगे बांधलेत म्हणून पोरावरची नजर हटवायची नाही. चार दिवसांत पोहायला लागलं असं कुणी सांगितलं तरी पुढची दोन-तीन वर्षं ते न पोहणारंच समजायचं. आणि एप्रिल-मे मध्ये पोहण्याच्या टाक्यांवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा जमलं तर मार्चमध्येच जा.

"आत्ता नाही सुरू केलं तर मागं पडेल" अशी तुम्हाला काळजी आहे. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्याचा जन्म १९९५ चा. वडिलांनी त्याला २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं आणि तिथं वर्षभर अंगमेहनत झाल्यावर मग त्यानं नेमबाजी निवडली. म्हणजे खेळ ठरला तो चौदा-पंधराव्या वर्षी. तुमच्याकडं अजून दहा वर्षं आहेत.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा पार्किंगमध्ये खडूनं रेघा ओढून त्यावर चालवा. चौथं लागलं की एका पायावर उड्या जमू लागतात, मग लंगडी. डोंगर का पाणी तर आत्ताही जमेल.

स्केटिंग सहाव्या वर्षी बघू म्हणून सोडून द्या. आमचे स्केट माळ्यावर पडलेत. परवा काढून बघितले तर पोरीचा पायच जात नाही त्यात.