कवच लवचिक नसतं हो!

प्रश्न असा आलाय: अल्ट्रासाउंडवरचा लेख मराठीत आणताना मायक्रोबबलला (तपासणीत चित्र उजळ दिसावं म्हणून शिरेतून सोडतात तो कवचवाला गॅसचा बारीक बुडबुडा) सूक्ष्मबुडबुडा म्हणायचं की सूक्ष्मफुगा, आणि 'त्याचं कवच लवचिक असतं' हे वाक्य चालेल का.

नाही चालणार. हे लवचिक प्रकरण हल्ली डोक्यात जातं माझ्या, इलॅस्टिक दिसलं की लवचिक, फ्लेक्झिबल दिसलं की लवचिक, मऊ दिसलं तरी लवचिकच. अहो, जे लवतं ते लवचिक, परत सरळ होईल याची हमी त्या शब्दात कुठेय? उडदाचा पापड लाटून झाला की उन्हात टाकायच्या आधी बोटावर घेऊन बघा, छान लवतो आणि तसाच लोंबत राहतो. रबरबँड ताणून सोडला की सटकन मूळ मापावर येतो, तो स्थितिस्थापक.

आणि हा शब्द म्हणे सरकारी परिभाषावाल्यांनी पाडला, बोजड आहे, टाकून द्या! असं मला एका प्राध्यापकांनी तोंडावर सुनावलं. सर, न्याय-वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनवाल्यांकडे संस्कार नावाचा एक गुण आहे, त्याचे प्रकार तीन: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. त्यांच्याच अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या ग्रंथात व्याख्याच आहे, 'अन्यथाकृतस्य पुनस्तदवस्थापादकः', म्हणजे वेगळं करून ठेवलेलं पुन्हा त्याच अवस्थेला नेणारा. उदाहरण कशाचं, तर कटाचं, म्हणजे चटईचं! गुंडाळलेली चटई पसरली की कडा पुन्हा वर येते ना, आपण तिच्यावर डबा ठेवतो, तेच ते. आणि भावना म्हणजे ज्यातून आठवण होते तो संस्कार, तिच्याच शेजारी हा बसवलाय. म्हणजे चटईला आपला आकार आठवतो आणि आपल्याला आजीचं घर आठवतं, दोन्ही एकाच खात्यात! (माझं तर मत आहे की इलॅस्टिकला याहून नेमका शब्द कुठल्याच भाषेत नसेल, पण ते असो.)

आता तुमचं मायक्रोबबल. दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीच्या निम्म्याहून लहान. आत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा रक्तात सहज न विरघळणारा गॅस, बाहेर फॉस्फोलिपिडचा, म्हणजे एका स्निग्ध पदार्थाचा, एका रेणूइतका जाड थर, तेच कवच. शिरेतून सोडतात, अल्ट्रासाउंडच्या लाटेत तो सेकंदाला दहा-वीस लाख वेळा आकसतो-फुगतो आणि त्याचा प्रतिध्वनी स्क्रीनवर उजळ दिसतो. त्याला मूळ मापावर आणायचं काम आतला गॅस करतोच, वर कवचाचा ताठपणा भर घालतो, म्हणून त्याची स्वतःची कंपनांची वारंवारता त्याच मापाच्या उघड्या बुडबुड्यापेक्षा जास्त असते. तुम्ही लवचिक लिहिलंत की वाचणाऱ्याला वाटणार कवचामुळे तो नरम पडला. नेमकं उलटं!

लवचिकवाल्यांना एक गुण मात्र देतो. 2005 साली फिलिप मार्मोताँ आणि सहकाऱ्यांनी जे मॉडेल मांडलं त्यात हे कवच मधल्या चिंचोळ्या टप्प्यातच स्थितिस्थापक असतं. फार आकसलं की त्याला सुरकुत्या पडतात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्य होतो, फार ताणलं की फाटतं आणि मग तो साध्या उघड्या बुडबुड्यासारखा वागायला लागतो. सुरकुत्यांच्या टप्प्याला हवं तर लवचिक म्हणा, भांडणार नाही. शिवाय कवच हलताना थोडी ऊर्जा खातं, ती श्यानता (व्हिस्कॉसिटी), त्याला चिकटपणा लिहू नका, गोंद नाहीये तो.

हां, बुडबुडा की फुगा ते राहिलंच. बुडबुड्याला स्वतःची कातडी नसते, फुग्याला असते, त्या हिशोबाने फुगा बरोबर. पण 'आता तुमच्या शिरेत फुगे सोडणार' असं ऐकून पेशंट टेबलावरून उठून जाईल, तेव्हा मायक्रोबबलच ठेवा.