दरखास्तीत करार कुठे लावायचा

अरे, काल साताऱ्याच्या कोर्टात कर्जवसुलीच्या दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, तू सुरुवातच आंतरराष्ट्रीय करारापासून केलीस. न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मी ओळखलं! आधी आपला कायदा, मग करार. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निकाल मुळातून वाच, नुसती हेडनोट (निकालावरचा सारांश) नको. कर्ज फिटलं नाही एवढ्यावरच दिवाणी कैद नको, हे न्या. कृष्णा अय्यर यांनी नागरी व राजकीय हक्कांच्या करारातलं कलम ११ घेऊन मांडलं. पण पाय रोवला तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ आणि संविधानाच्या कलम २१ वर, म्हणजे जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्कावर. करार आपोआप इथला कायदा होत नाही, हेही तिथंच आहे. तुझ्या पक्षकाराने ऐपत असून बुडवलं का, तेवढंच धर. विशाखा निकाल (१९९७) वेगळा; कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर तेव्हा कायदाच नव्हता, म्हणून तिथं कराराचा आधार घेतला. सातबारा आणलास का?