पकडले गेला नाहीत तरी काय?

सबमिशनला चार दिवस उरलेत, एक साइट पैसे घेऊन 'शंभर टक्के ओरिजिनल, नाव गुप्त' असाइनमेंट लिहून देतेय, तर पकडलं जाण्याची शक्यता किती, असं तुम्ही विचारलंय. पकडले गेला नाहीत तर पुढे काय, हेही विचारायला हवं होतं.

विद्यापीठाची भीती सगळ्यांनाच असते, लिहून देणाऱ्याची कुणालाच नसते. त्याच्याकडे तुमचं नाव, कोर्स, पैसे भरल्याची नोंद आणि सगळं चॅट राहतं. काम झाल्यावर 'आणखी पैसे टाका, नाहीतर विद्यापीठाला कळवतो' अशा धमक्या दिल्याचे प्रकार घडलेले आहेत. पदवी हातात आली म्हणून यातून सुटका होत नाही, कारण विद्यापीठं दिलेली पदवी नंतरही काढून घेऊ शकतात. काही जण तर 'तुम्हीच अपलोड करा' म्हणून त्याला पोर्टलचा पासवर्डही देऊन टाकतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

कायदा मदतीला येईल असंही समजू नका. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये असा धंदा करणं गुन्हा ठरवलं, पण ती शिक्षा विकणाऱ्याला. तुमचा निकाल विद्यापीठच लावतं: विषयात नापास, निलंबन, कधी थेट हकालपट्टी.

आता पकडलं जाण्याबद्दल. विद्यापीठं नक्कल तपासायला वापरतात ते टर्निटिन सॉफ्टवेअर जुळणारा मजकूर शोधतं, त्यामुळे खरोखर नव्याने लिहिलेलं त्यात सहसा सापडत नाही, हे मान्य. (तोच मजकूर त्याने दुसऱ्यालाही विकला नसेल, याची खात्री मात्र कोण देणार?) पण फाइलच्या माहितीत भलत्याच लेखकाचं नाव निघतं, वर्गात कधी न आलेले संदर्भ दिसतात, मागच्या असाइनमेंटची भाषा आणि ही भाषा जुळत नाही. मग प्राध्यापक बोलावून एवढंच विचारतात, 'ही पद्धत का निवडली?' तिथे बहुतेकांची बोलती बंद होते.

तुम्ही आजच मुदतवाढीचा मेल करा, त्यात खरं कारण लिहा. नाही मिळाली तर अर्धवट का होईना, स्वतःचं द्या. उशिराचे कापलेले गुण परवडतात. आगाऊ रक्कम भरून बसला असाल तर ती गेली समजा, आलेली फाइल वापरू नका आणि पासवर्ड दिला असेल तर आत्ता बदला. चॅट मात्र डिलीट करू नका. धमकी आलीच तर एक पैसाही न देता ते चॅट घेऊन विद्यार्थी सल्ला विभागात जा.