एन्ट्रीला टाळी घेणारी पर्स

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं पर्सबद्दलच. म्हणजे त्या नाटकी बॅगा, मखमली पडदेवाल्या, मुखवट्याच्या, पंख्याच्या आकाराच्या, ज्यांना सगळे स्टेटमेंट बॅग म्हणतात. मला हा विषय मनापासून आवडतो त्यामुळे आज बाकी प्रश्न बाजूला ठेवलेत.

प्रश्न : ताई, मी ऑनलाइन एक पर्स मागवली. नाटकाच्या स्टेजसारखी आहे, पुढे लाल मखमलीचे दोन पडदे, खाली सोनेरी झालर, वर एक हसरा आणि एक रडका मुखवटा. मामेभावाच्या लग्नात न्यायची होती. आईने खोका उघडल्या उघडल्या म्हटलं, "ह्यां काय गो, दशावताऱ्यांचो पेटारो घेवन खंय चललंस?" तेव्हापासून जरा लाजच वाटतेय. साडी मोरपंखी पैठणी आहे. नेऊ की परत करू? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : परत अजिबात करू नकोस गं. आणि आईचं वाक्य टोमणा म्हणून घेऊ नकोस, कारण ती अगदी बरोबर बोललीय. दशावतार म्हणजे आपल्या कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, आणि आपल्याकडे हे नाटक ज्यात बंद होऊन गावोगाव फिरलं ती वस्तू म्हणजे पेटाराच ना. मुकुट, भरजरी कपडे, तलवारी, सगळं त्यात, आणि पूर्वी तो डोक्यावर घेऊन कलाकार एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला चालत जायचे. "रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा" हे आपण लहानपणापासून ऐकलंय. तुझ्या पर्सवरचे दोन मुखवटे मात्र ग्रीक नाटकातून आलेत, हसरा सुखांतिकेचा आणि रडका शोकांतिकेचा, पण पेटाऱ्याशी त्यांचं नातं लागतंच.

आता खरा प्रश्न पैठणीचा. दशावतारात बघ, स्टेजवर फार काही नसतं, एक साधं बाकडं असतं. राजा त्यावर बसला की ते सिंहासन. मागे महाल नाही, खांब नाहीत, म्हणून तर सगळी नजर त्या मुकुटावर आणि भरजरी अंगरख्यावर जाते. पर्सचंही तसंच आहे. पैठणीचा पदर हा स्वतःच राजा आहे, त्याच्या शेजारी मखमल आणि झालर आणलीस तर दोन राजे एकाच वेळी आपापलं भाषण म्हणतायत असं होईल आणि कुणाचंच ऐकू येणार नाही. म्हणून मुहूर्ताला पैठणी नेस आणि हातात साधा रेशमी बटवा घे. संध्याकाळी रिसेप्शनला एकरंगी साडी, काळी किंवा गडद हिरवी, बारीक काठाची, आणि तेव्हा ही पर्स काढ. कानात कुड्या, हातात दोन बांगड्या, गळा मोकळा ठेवलास तरी चालेल. केसात अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, हवाच, तो कुणाशी भांडत नाही. पर्स खांद्याला लटकवू नकोस, पदरात लपते, डाव्या हातात धर म्हणजे उजवा हात नमस्काराला मोकळा राहतो. आणि आदल्या दिवशी तुझा फोन आत मावतो का बघून ठेव, अशा बऱ्याच पर्समध्ये मावत नाही आणि मग ऐन जेवणाच्या पंगतीत एका हातात पर्स एका हातात फोन अशी पंचाईत होते.

प्रश्न : हे फॅड इन्स्टावरूनच आलंय ना? दोन वर्षांनी कुणी विचारणार नाही असं मैत्रीण म्हणते. — कॉलेज विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : इन्स्टाने पसरवलं, पण जन्म फार जुना आहे. पॅरिसमध्ये एल्सा स्कियापरेली नावाची इटालियन डिझायनर होती, तिने 1938 मध्ये अख्खं कलेक्शन सर्कशीवर केलं, कपड्यांवर कसरतवाले, हत्ती, आणि पर्स फुग्याच्या आकाराच्या. सगळा शोच एक खेळ. आजही तिच्या नावाच्या ब्रँडच्या बॅगांवर सोनेरी डोळे-नाक-ओठ दिसतात, ते तिच्याच वेडाचे वारस.

मला स्वतःला जवळची वाटते ती जुडिथ लायबर. बुडापेस्टची मुलगी, जन्म 1921 चा, तिथेच पर्स बनवायचं शिक्षण घेतलं, ज्यू असल्यामुळे महायुद्धाची भयंकर वर्षं कशीबशी काढली, मग न्यूयॉर्कला गेली आणि 1963 मध्ये स्वतःची कंपनी उघडली. 1967 ची गोष्ट आहे, धातूची एक पर्स बनून आली तर तिचा मुलामा खराब निघाला, डाग पडलेले. दुसरं कुणी भंगारात टाकली असती. तिने त्या डागांवर चमकणारे खडे बसवले, आणि त्या खड्यांच्या पर्समुळेच ती जगभर ओळखली गेली. पुढे प्राणी, पक्षी, फळं अशा आकारांत बनवल्या, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बायका त्या घेऊन समारंभांना जायच्या. तर मैत्रिणीला सांग, ही गोष्ट ऐंशीहून जास्त वर्षं चाललीय. एखादा आकार जुना होईल, पण हातातल्या वस्तूने चार लोकांचं लक्ष वेधावं ही हौस कुठे जात नाही.

प्रश्न : मॅडम, मुलीने मुंबईहून पंख्याच्या आकाराची भारी पर्स दिली. पावसाळ्यात कपाटात ठेवली, गणपतीत काढली तर आतून बुरशी, बाहेरचं कातडं चिकट होऊन पापुद्रे निघतायत, आणि कडी हिरवी पडलीय. फार वाईट वाटलं. काही करता येईल का? — गृहिणी, गुहागर

उत्तर : ताई, वाईट वाटणारच, लेकीने दिलेली वस्तू. आधी स्पष्ट सांगते, ज्याचे पापुद्रे निघतायत ते कातडं नाही, कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर आहे, पीयू म्हणतात त्याला. दमट हवेत तो थर आतून विरघळल्यासारखा होतो, चिकटतो आणि सुटतो, आणि एकदा सुटायला लागला की कुठल्याही क्रीमने थांबत नाही. तुमची काही चूक नाही, आपली हवाच अशी आहे. पण सांगाडा चांगला असेल तर टाकू नका, तुमच्याकडच्या पर्स-बॅग शिवणाऱ्याकडे न्या आणि वरचं सोलून खणाचं किंवा जाड सुती कापड लावून घ्या. पंख्याचा आकार खणात फार सुंदर दिसेल, खरं सांगते.

बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, ओला फडका मारू नका, आणि सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दिवस उघडी ठेवा. कडी हिरवी पडलीय म्हणजे पितळेची असेल किंवा तांब्याचा अंश असेल, चिंचेचं पाणी कापसावर घेऊन फक्त कडीला लावा, लगेच पुसून पूर्ण कोरडी करा, मुलामा असेल तर मात्र हे करू नका, तो उडेल. चेनवर मेणबत्ती घासून ठेवली की खाऱ्या हवेत अडकत नाही. आणि पुढच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका! सगळे हीच चूक करतात, ओल आत कोंडून राहते. जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळा, आत कोरडे कागद भरा, औषधाच्या डब्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाका आणि पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून हवा दाखवा.

प्रश्न : मी शिक्षिका, वय 54. हे सगळं मला शोभेल का? — अलिबाग

उत्तर : शोभेल. शाळेत नको, मुलांचं लक्ष उडेल, पण नाट्यसंमेलनाला, लग्नाला, मैत्रिणींबरोबर जेवायला जरूर न्या. तुमच्या वयात साडी कशी नेसायची, कसं उभं राहायचं हे पक्कं झालेलं असतं, त्यामुळे अशी पर्स विशीतल्या मुलींपेक्षा तुमच्या हातात जास्त ठामपणे दिसते.

प्रश्न : ताई, मी फॅशन डिझाइन शिकतेय, सुट्टीत वेंगुर्ल्याला घरी आलेय. दशावतारावर पर्सची छोटी सिरीज करायचीय. संकासुराची, मुकुटाची आणि गणपतीच्या मुखवट्याची. बाबा म्हणतात गणपतीचं नको. तुमचं काय मत? — वेंगुर्ला

उत्तर : बाबा बरोबर आहेत. दशावतारात गणपतीचा मुखवटा म्हणजे नुसतं नाटकाचं सामान नाही, त्याची पूजा होते, खेळाची सुरुवात त्याच्या दर्शनाने होते. ती वस्तू कुणीतरी कंबरेला आपटत, खुर्चीखाली ठेवत फिरणार हे आपल्याच माणसांना दुखावेल. ते सोड. मुकुट घे, संकासूर घे, त्यात खूप काही आहे. संकासूर म्हणजे दशावतारातला राक्षस, त्याचा काळा वेष आणि डोक्यावरची टोकदार टोपी, तीच उलटी केलीस की उभट बटवा तयार, काळं जाड कापड, टोकाला एक लाल गोंडा आणि वर दोरी ओढायची. मला तर लिहितानाच डोळ्यासमोर दिसतोय. मुकुटाची करशील तर आरसे आणि मणी जरूर लाव, फक्त कडा गुळगुळीत घासून घे, साडी अडकते.

आणि जिल्हा सोडून बाहेर जायची गरजच नाही तुला. सावंतवाडीला लाकडावरचं लाखकाम आहे आणि गंजिफा आहेत, हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी गंजिफाच्या जोडात 120 पत्ते असतात, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा. ही कला मरायला टेकली होती, 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी, राजवाड्यातच कारागीर बसवून ती जगवली. तिथल्या गोल डब्या बघ, मिनोदिएर नावाची जी कडक डबीसारखी पार्टी-पर्स जगात मिळते ना, तसलीच घडण. बिजागरी आणि एक कडी लावली की झालं. शिवाय कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. एकदा जाऊन त्या बाहुल्या दिव्यासमोर बघ, चामड्याच्या भोकांतून उजेड कसा येतो ते. तसंच कातरकाम पर्सच्या झाकणावर केलंस आणि आतून लाल कापड लावलंस तर प्रत्येक हालचालीला चित्र बदलेल.

पण एक गोष्ट मी हात जोडून सांगते. नुसते फोटो काढून येऊ नकोस. कारागिराशी आधी पैशांचं बोल, एका नगाला किती वेळ लागतो ते विचार, घासाघीस करू नकोस आणि टॅगवर त्यांच्या परवानगीने त्यांचं नाव घाल. दशावतारी माणूस आपला चेहरा स्वतः रंगवतो, लिहिलेली संहिता नसताना रात्रभर संवाद उभे करतो, त्याला तुझं स्केच दाखव, मुकुट कुठे जड होतो आणि कुठे टोचतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसेल.

पहिली पर्स संकासुराचीच कर. लाकूड आणि चामड्यापेक्षा कापडात चूक स्वस्तात दुरुस्त होते. झाली की फोटो पाठव, दोरी ओढल्यावर तोंड नीट बंद होतं का तेही लिही.