स्विफ्टला बॉडी किट: फायबर घेऊ की पीयू?

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. नागपूरला असतोस, स्विफ्टला पुढचा लिप (बंपरखालची पट्टी), साइड स्कर्ट (दारांखालची पट्टी), मागचा डिफ्यूझर (मागच्या बंपरखालचा पार्ट) आणि रूफ स्पॉयलर (छताच्या मागच्या कडेवरचा पंख) असा पूर्ण सेट लावायचाय, एक दुकानदार फायबरचा देतोय आणि दुसरा 'पीयू आहे, तुटणारच नाही' म्हणत जवळपास दुप्पट सांगतोय. मी बारा-तेरा वर्षं ही कामं करतोय, आधी स्वतःच्या गाडीची मग मित्रांच्या, त्यामुळे सरळच सांगतो, पूर्ण सेट एकाच मटेरियलचा घेऊच नको. जो पार्ट रस्त्याला घासणार तो वाकणारा घे, जो घासणार नाही तो खुशाल फायबरचा घे.

पण आधी नावांचा घोळ समजून घे कारण अर्धी फसवणूक तिथेच होते. आपल्याकडे गॅरेजमध्ये कुठल्याही बंपरला 'फायबर' म्हणतात, पण कंपनीतून आलेला बंपर बहुतेक वेळा पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आतल्या बाजूला 'पीपी' अशी अक्षरं उठवलेली दिसतील. खरं फायबर म्हणजे एफआरपी, काचेच्या तंतूंची मॅट, त्यावर पॉलिएस्टर रेझिन आणि हार्डनर, वरून जेलकोट म्हणजे रेझिनचाच गुळगुळीत बाहेरचा थर. कोकणातल्या मासेमारीच्या होड्या ज्याच्या असतात तेच. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, दोन द्रव साच्यात एकत्र सोडतात आणि आतच रिअ‍ॅक्शन होऊन चिवट, रबरासारखा पार्ट निघतो. त्याचा साचा आणि मशीन महाग, म्हणून मोजक्याच गाड्यांना मिळतो. फायबरचा साचा चांगला कारागीर शेडमध्ये बनवतो, म्हणून तो कुठल्याही गाडीला मिळतो. आणि बाजारात पीपी किंवा एबीएसचा (हे आणखी एक कडक प्लास्टिक) पार्ट सर्रास पीयू म्हणून विकला जातो हे लक्षात ठेव. पीपीचा लिप वाईट नसतो, वाकतो, टिकतो, पण त्याला पीयूचे पैसे का द्यायचे?

ओळखायचं कसं? पार्ट उलटा कर. मागे काचेचे केस दिसले, हाताला खरखरीत लागलं, बोटाच्या पेराने ठोकल्यावर कडक टकटक आवाज आला तर एफआरपी. दोन्ही बाजू गुळगुळीत, आवाज दबका आणि टोक पिळलं की हळूहळू परत जागेवर येतं तर पीयू असण्याची शक्यता जास्त. कडेचा छोटा तुकडा मिळाला तर पाण्यात टाक, साधं पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, तरंगतं. एफआरपी बुडतं.

आता माझं सांगतो. माझ्या पहिल्या गाडीला मी पुढचा अख्खा बंपर फायबरचा बसवला होता, दिसायला एक नंबर. गणपतीत चौघं बसून सामानासकट कोकणात निघालो, गावाच्या अलीकडे एका उंच गतिरोधकावर पुढचं नाक टेकलं आणि खालची कड जवळजवळ वीतभर फाटली. तिथे पेंटर कुठला मिळणार, पण होड्या दुरुस्त करणारे एक काका मिळाले. त्यांनी चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे सरकू नये, आतली बाजू पॉलिश पेपरने चांगली खरवडली आणि मॅटचे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडले. मी विचारलं असं का, तर म्हणाले कापलेली कड जाड राहते, फाडलेले तंतू खालच्या थरात विरघळल्यासारखे बसतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्त घेऊन तीन थर दिले. हवेत दमट होतं म्हणून संध्याकाळपर्यंत हात लावू दिला नाही. तो जोड गाडी विकेपर्यंत सुटला नाही. फायबर तुटतं पण जोडतं. पीयू सहसा तुटत नाही, पण फाटलं तर साधं पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही, वेगळं केमिकल लागतं आणि ते काम येणारा माणूस शोधावा लागतो.

मोठ्या कंपनीनेही पार्टनुसारच विभागणी केली होती. अमेरिकेतल्या शेवरोले कंपनीची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार १९५३ पासून फायबरग्लासच्या बॉडीची. १९७३ ला तिथे ताशी ५ मैलांच्या धडकेचा बंपरचा नियम आला, तेव्हा त्यांनी पुढच्या बंपरला युरेथेनचं कव्हर दिलं, १९७४ ला मागेही तेच केलं, बाकी बॉडी मात्र फायबरचीच ठेवली.

म्हणजे तुझ्यासाठी पुढचा लिप पीयू किंवा पीपी, यात तडजोड करू नको. आपल्याकडे नियमातला गतिरोधक १० सेंटीमीटर उंचीचा असतो, पण सोसायट्यांनी स्वतः घातलेले तू बघतोसच. रूफ स्पॉयलर फायबरचा घे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडी दिवसभर उन्हात, अशा वेळी पीयूचा लांब पातळ पार्ट मधून लोंबतो किंवा कडेला लाटा येतात, फायबर आकार धरून राहतं. डिफ्यूझर फायबरचा चालेल, जास्त खाली उतरत नसेल तर. साइड स्कर्टचं तुझ्या पार्किंगच्या रॅम्पवर आहे, रॅम्पच्या माथ्यावर गाडीचं पोट घासत असेल तर पीयू.

फायबर घेताना वास घे. रेझिनचा उग्र वास येत असेल तर माल कच्चा आहे, तसाच रंगवला तर काही महिन्यांनी मॅटची जाळी रंगातून वर दिसायला लागते. चांगल्या उन्हात आठवडाभर ठेव, मग प्रायमर. जेलकोटखाली हवेचे फुगे राहिलेले असतात, ते रंग सुकवायच्या भट्टीत तापले की फुटतात, म्हणून टोचून, लांबी (पुट्टी) भरून घ्यायला सांग. घासताना, कापताना मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच, ती काचेची धूळ आहे, अंगाला खाज सुटते ती दोन दिवस जात नाही.

पीयू रंगवताना उलटं, पार्ट साच्याला चिकटू नये म्हणून लावलेलं तेलकट रिलीज एजंट पूर्ण धुऊन काढायला लाव, मग प्लास्टिकसाठीचा चिकट प्रायमर, आणि रंगात व वरच्या पारदर्शक क्लिअरमध्ये फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे रंग लवचिक करणारं द्रव. हे नाही टाकलं तर पार्ट वाकेल पण रंग वाकणार नाही, पापडासारखा उडेल. पेंटर 'काही गरज नाही साहेब' म्हणाला तर दुसरा पेंटर बघ. बॉक्समधून पीयू वाकडं निघालं तर घाबरू नको, सपाट जागी उन्हात ठेव, बरंचसं सरळ होतं.

आणि कुठलाही पार्ट रंगवायच्या आधी गाडीवर लावून बघ, हे हात जोडून सांगतो. रंग झाल्यावर घासायला लागलं तर दोन्ही खर्च गेले. फायबरला स्क्रू आवळताना मोठा वॉशर आणि रबर घाल, भोक थोडं मोठं ठेव, जास्त आवळलं की तिथूनच तडा जातो. पीयूला लांबट भोक ठेव, उन्हात फुगतं.

पूर्ण बंपर बदलायचा विचार पुढे आलाच तर आतला लोखंडी बीम आणि फोम काढू किंवा कापू देऊ नको, फिटिंग बसत नाही म्हणून काही जण बिनधास्त कापतात. धडक झेलायचं काम तोच बीम करतो, वरचं कव्हर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही हे माहीत असू दे, आणि लिपसुद्धा लावलास तरी विमा कंपनीला लेखी कळव, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

दोन्ही दुकानांत लिप उलटा करून मागच्या बाजूचा फोटो काढ, गाडीच्या पुढच्या बंपरच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर चौघं बसवून मोज आणि दोन्ही पाठव, मग नेमकं कुठला घ्यायचा ते सांगतो.