वाचकांचे प्रश्न : बर्ड्स नेस्ट फर्नची निगा

प्रश्न (पुणे) : आमच्याकडील बर्ड्स नेस्ट फर्नच्या मोठ्या पानांच्या मागच्या बाजूला तपकिरी रेघा उमटल्या आहेत. ही खवले कीड आहे, औषध फवारा, असे शेजारी सांगतात. शिवाय या झाडाला मधोमध पाणी घालायचे असते असे ऐकून मी रोज तसे घालते. पण आता मधली कोवळी पाने काळी पडू लागली आहेत. काय करावे?

उत्तर : फवारणी अजिबात करू नये. पान उजेडासमोर धरून रेघा नीट पाहाव्यात. मधल्या काळसर शिरेपासून कडेच्या दिशेने, बाजूच्या शिरांना धरून, एकमेकींना समांतर अशा तिरप्या रेघा असतील, तर ते नेच्याचे, म्हणजे फर्नचे, बीजाणू होत. नेच्याला फूल नाही, फळ नाही. त्याचा वंश या तपकिरी भुकटीतूनच वाढतो, आणि ती दिसणे हे झाड वयात आल्याचे लक्षण आहे. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही. तिचे लंबगोल ठिपके वाटेल तिथे असतात, नखाने एकेक सुटून येतात, पान चिकट लागते आणि बहुधा मुंग्याही फिरताना दिसतात. तशी कीड असलीच, तर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती पुसून काढावी आणि पान स्वच्छ पाण्याने धुवावे, कारण नेच्याची पाने कीटकनाशकांनी सहज करपतात.

मधोमध पाणी घालण्याचा सल्ला अरण्यातील दृश्यावरून आलेला आहे. आग्नेय आशियातील सदाहरित वनांत हा नेचा उंच झाडांच्या फांद्यांवर वाढतो आणि वरून पडणारा पालापाचोळा आपल्या पानांच्या घरट्यासारख्या वाटीत साठवून त्याच कुजलेल्या पाल्यावर जगतो. बोर्निओतील दानुम खोऱ्यात शास्त्रज्ञांनी उतरवलेले मोठे नेचे ओल्या पाचोळ्यासह २०० किलोपर्यंत भरले, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले, की अरण्याच्या माथ्यावरील किडामुंगीचा फार मोठा वाटा या घरट्यांतच नांदतो. पण तिथे वारा खेळता असतो. आपल्या बंद खोलीत तेच पाणी कोंबाशी साचून राहते आणि कोंब कुजतो. या झाडाला वाढीचा कोंब एकच असल्यामुळे तो पूर्ण गेला, तर नवी पाने येण्याची आशा फार थोडी. म्हणून आता कुंडी कलती करून साचलेले पाणी काढून टाकावे, काळी पडलेली पाने स्वच्छ कात्रीने कापावीत आणि यापुढे पाणी कुंडीच्या कडेने, तेही वरचा थर सुकल्यावरच द्यावे.

कुंडी साध्या बागेच्या मातीने भरलेली असेल, तर ती बदललेली बरी. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा लोणारी कोळसा आणि चांगले कुजलेले पानखत एवढे पुरते. नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र वापरू नये; ते ओल धरून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

प्रश्न (नागपूर) : उन्हाळ्यात पानांची टोके वाळतात. रोज पाणी फवारूनही फरक पडत नाही. सह्याद्रीतले नेचे पावसाळा सरला की वाळून जातात. हाही तसाच विश्रांती घेत असेल का?

उत्तर : नाही. बाशिंग नावाच्या नेच्यासारखे आपल्याकडचे नेचे कोरड्या ऋतूत हिरवी पाने टाकून देतात. हा सदाहरित आहे आणि बाराही महिने त्याला ओलसर हवा लागते. फवारलेले पाणी विदर्भातील मे महिन्यात काही मिनिटांत उडून जाते, त्यामुळे त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. कूलर असलेल्या खोलीत, पण त्याच्या थेट झोताबाहेर, पूर्वेच्या खिडकीजवळ कुंडी ठेवावी आणि आजूबाजूला इतर कुंड्यांची गर्दी करावी. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी कुंडीला घालण्याची काटकसर मात्र टाळावी: पाणी उडून जाते तसतसे त्यातील क्षार दाट होत जातात, आणि टोके वाळण्यामागे बहुधा उष्म्याइतकाच हात या क्षारांचा असतो. बोअरचे जड पाणी असेल, तर पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. ते नसेल, तर अधूनमधून भरपूर पाणी ओतून ते तळातून वाहू द्यावे. थंडीत रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरू लागला, की कुंडी घरात घ्यावी.

प्रश्न (रत्नागिरी) : याची दोन रोपे कशी करावीत?

उत्तर : कोंब एकच असल्याने हे झाड विभागता येत नाही, सुरीने दोन भाग केल्यास दोन्ही गमावण्याची शक्यता अधिक. चिकाटी असल्यास बीजाणूंची भुकटी कागदावर झाडून, उकळत्या पाण्याने निर्जंतुक करून थंड केलेल्या ओल्या कोकोपीटवर पेरावी आणि वर काच ठेवावी. प्रथम हिरवा पातळ थर धरतो, त्यातून हृदयाच्या आकाराच्या चपट्या पाकळ्या होतात, आणि त्यांवर पाण्याचा पातळ थर असेल तरच फलन होऊन खरे रोप निघते. यास अनेक महिने लागतात. तेवढी घाई नसेल तरच हा खटाटोप करावा. एरवी रोपवाटिकेतून दुसरे रोप आणणे सोयीचे.