भिरंडीचे एसएसआर मार्कर: आधी नात्यातल्या झाडांवर तपासा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे आणि काणकोणातल्या भिरंडीची (कोकमाची) जनुकीय विविधता पाहायला आरएपीडी (डीएनएच्या कुठल्याही तुकड्यांचे पट्टे पाहण्याची पद्धत) वापरावं की स्वतःचे एसएसआर मार्कर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींच्या जागा, ज्यांची लांबी झाडागणिक बदलते) तयार करावेत, असं तुम्ही विचारलंय. निधी असेल तर एसएसआरच करा. आरएपीडीत पट्टा दिसतो किंवा दिसत नाही, एवढंच. त्या जागी झाडाकडे दोन सारख्या प्रती आहेत की वेगळ्या, ते कळत नाही. शिवाय तोच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत तसाच येईल याची खात्री नसते.

जीनोमचं जुजबी सिक्वेन्सिंग केलं तरी दोन-तीन अक्षरांची पुनरावृत्ती असलेल्या भरपूर जागा सापडतात. प्रायमर (ती जागा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) संगणकच सुचवतो. खरी मेहनत त्यानंतरची, आणि तिथेच लोक घाई करतात: चार झाडांवर पट्टे आले की थेट पाहणीला निघतात.

तसं करू नका. ज्यांचं नातं आधीच माहीत आहे अशा झाडांवर मार्कर तपासून घ्या. भिरंडीत ही सोय आयती आहे. नर-मादी झाडं वेगळी असल्यामुळे बागायतदार कलमं लावतात. एकाच मातृवृक्षाची दोन कलमं घ्या. प्रत्येक मार्करवर ती सारखीच यायला हवीत. नाही आली, तर वाचन चुकलंय किंवा कलमाचं लेबल. मग एका मादी झाडाखालची ताजी फळं घेऊन रोपं करा (बी वाळवलं तर रुजत नाही). प्रत्येक रोपात आईचं निदान एक ॲलील (त्या जागेची एक आवृत्ती) असलंच पाहिजे. समजा दोन्ही प्रतींची लांबी आईत १८२/१८२ आणि रोपात १९०/१९० आली, तर नल ॲलीलचा संशय घ्या: प्रायमर चिकटतो तिथेच बदल असल्यामुळे एक प्रत वाढलेलीच नाही. असे मार्कर ठेवलेत तर जंगलातली विविधता उगाच कमी दिसेल. उलट, आई विषमयुग्मी (दोन वेगळ्या प्रती) असलेल्या जागांवरही सगळी रोपं हुबेहूब आईसारखी आली, तर बी फलनाशिवाय धरतंय का ते पाहावं लागेल. याच वंशातल्या मँगोस्टीनमध्ये तसंच होतं.

डीएनएसाठी कोवळी तांबूस पालवीच घ्या, सिलिका जेलमध्ये वाळवा, सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) पीव्हीपी (पानातली पॉलिफिनॉल नावाची रसायनं धरून ठेवणारी पूड) घाला. तळाशी बसलेला डीएनए तपकिरी दिसला तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) लावू नका, पुन्हा शुद्ध करा. पॉलिफिनॉल राहिलं की चांगला प्रायमरही नापास होतो.

नमुने घेताना कुळागराचा (नारळ-सुपारीच्या बागेचा) मालक फळणारी झाडंच दाखवतो. नर झाडं स्वतः विचारून मिळवा. फळ देत नाहीत म्हणून ती तोडली जातात, आणि परागाची सगळी बाजू त्यांच्याकडेच असते. फुलोऱ्यातच, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, फिरलात तर लिंग जागेवर नोंदवता येईल. म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यातली झाडं हवी असतील तर वनखात्याकडे अर्ज पावसाळ्यातच टाका.